पोटऱ्या, चौदा माणसं आणि एक दुर्लक्षित आकडा

जिमला जाणाऱ्या कुणालाही विचारा, सगळ्यात हट्टी स्नायू कोणता? बरेच जण खाली पोटरीकडे बोट दाखवतील. दंड भरतात, छाती भरते, मांड्याही साथ देतात. पोटऱ्या मात्र होत्या तशाच. मग सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं आनुवंशिक आहे, नाद सोड. कुणी म्हणतं हलकं वजन आणि भरपूर रेप्स. कुणी म्हणतं उभं राहून केलंस तर वरची पोटरी, बसून केलंस तर खालची.

२०२३ पासून या सल्ल्यांत एक नवीन वाक्य आलंय: "बसून काफ रेज करणं म्हणजे वेळ वाया घालवणं. रिसर्चने सिद्ध झालंय."

"रिसर्चने सिद्ध झालंय" असं कुणी म्हटलं की आपण विचारायचं, कोणत्या रिसर्चने? या वाक्यामागे किनोशिता आणि सहकाऱ्यांचा फ्रंटिअर्स इन फिजिओलॉजी या जर्नलमधला २०२३ चा पेपर आहे. आज तोच वाचू. निवडण्याचं कारण सोपं आहे. पेपर छोटा आहे, रचना स्वच्छ आहे, आकडे बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि त्यावर भांडायला पीएचडी लागत नाही. पेटची तयारी करणाऱ्यांनी, सिनॉप्सिस लिहायला बसलेल्यांनी पेपर कसा "वाजवून" बघायचा याचा सराव करायला असाच पेपर हवा.

माझं मत आधीच सांगून टाकते. पेपर चांगला आहे. पण त्यातून जी बातमी बाहेर पडली ती त्यातली सगळ्यात महत्त्वाची बातमी नाही. खरा प्रश्न एका साध्याशा आकड्यात दडलेला आहे आणि त्याकडे कुणी बघितलं नाही.

आधी थोडी शरीररचना

पोटरी म्हणजे एक स्नायू नाही. वर दिसतो तो गॅस्ट्रोक्निमियस. त्याची दोन डोकी: आतल्या बाजूचं मीडियल आणि बाहेरच्या बाजूचं लॅटरल. त्यांच्याखाली झाकलेला, चपटा आणि रुंद तो सोलियस. तिघांचं मिळून नाव ट्रायसेप्स सुरे. तिन्ही खाली एकत्र येऊन टाचेच्या जाड शिरेला, म्हणजे अकिलीस टेंडनला जोडलेले असतात. काम एकच, टाच वर उचलणं.

फरक आहे तो वरच्या टोकाला. गॅस्ट्रोक्निमियस मांडीच्या हाडापासून सुरू होतो, म्हणजे तो गुडघाही ओलांडतो आणि घोटाही. सोलियस गुडघ्याच्या खालून सुरू होतो. त्याला गुडघ्याशी काही देणंघेणं नाही. गुडघा सरळ असो की वाकलेला, सोलियसची लांबी फक्त घोट्यावर ठरते.

आता खुर्चीवर बसा. गुडघा काटकोनात वाकला. गॅस्ट्रोक्निमियसची वरची गाठ खालच्या गाठीच्या जवळ आली आणि तो आखडला. या अवस्थेत टाच उचलायला सांगणं म्हणजे सैल पडलेल्या दोरीने ओझं ओढायला सांगण्यासारखं. आखडलेला स्नायू पुरेसा जोर लावू शकत नाही, हे स्नायूंच्या शरीरक्रियाशास्त्रातलं जुनं आणि पक्कं ज्ञान आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. सोलियसमधले बहुसंख्य तंतू मंद प्रकारचे असतात, न थकता तासन् तास काम करणारे. गॅस्ट्रोक्निमियसमध्ये मंद आणि जलद यांची मिसळ असते.

पेपरमध्ये केलं काय?

व्यायामाची सवय नसलेली १४ प्रौढ माणसं घेतली. प्रत्येकाने एका पायाने उभं राहून काफ रेज केले आणि दुसऱ्या पायाने बसून, गुडघा ९० अंशांत वाकवून. एकदाच जेमतेम उचलता येईल अशा कमाल वजनाच्या ७० टक्के वजन, १० रेप्सचे ५ सेट, आठवड्यातून २ दिवस, १२ आठवडे. आधी आणि नंतर एमआरआय काढून प्रत्येक स्नायूचं आकारमान मोजलं.

सरासरी वाढ अशी आली:

– लॅटरल गॅस्ट्रोक्निमियस: उभ्याने १२.४ टक्के, बसून १.७ टक्के
– मीडियल गॅस्ट्रोक्निमियस: उभ्याने ९.२ टक्के, बसून ०.६ टक्के
– सोलियस: उभ्याने २.१ टक्के, बसून २.९ टक्के
– तिन्ही मिळून: उभ्याने ५.६ टक्के, बसून २.१ टक्के

सोलियस सोडून बाकी तिन्ही ओळींतला फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठळक होता. सोलियसमध्ये पी-मूल्य ०.४१० आलं, म्हणजे दोन पायांत फरक दाखवता आला नाही.

ॲबस्ट्रॅक्ट इथे संपतो आणि बहुतेकांचं वाचनही इथेच संपतं. आपण आता सुरू करू.

आधी कौतुक, कारण ते खरं आहे

"फक्त १४ माणसं?" हा पहिला आक्षेप हमखास येतो. जर्नल क्लबमध्ये कुणालाही काही सुचलं नाही की "सॅम्पल साइज लहान आहे" हे वाक्य येतंच. पण प्रत्येक वेळी ते लागू पडत नाही.

समजा १४ जण उभ्या गटात आणि वेगळे १४ जण बसलेल्या गटात असते. मग कुणाचं खाणं चांगलं, कुणाची झोप कमी, कुणाला आईवडिलांकडून दणकट पोटऱ्या मिळालेल्या, हा सगळा गोंधळ फरकात मिसळला असता. इथे तुलना एकाच माणसाच्या दोन पायांत आहे. जेवण तेच, झोप तीच, जनुकं तीच, हार्मोन्स तेच. माणसामाणसातला फरक तुलनेतून बाहेरच काढला आहे. अशा रचनेत १४ हा आकडा दिसतो तितका दुबळा नसतो.

यावर हुशार विद्यार्थी विचारतो, "मॅडम, एका पायाच्या व्यायामाचा परिणाम दुसऱ्या पायावर होत असेल तर?" प्रश्न रास्त आहे. एका हाताला किंवा पायाला ताकदीचा सराव दिला तर दुसऱ्याचीही ताकद थोडी वाढते, हे माहीत आहे. पण तो परिणाम मुख्यतः मज्जासंस्थेचा असतो, स्नायूच्या आकाराचा नव्हे. आणि समजा थोडा परिणाम आकारावरही झाला, तर? दोन पायांतला फरक कमी झाला असता, वाढला नसता. म्हणजे हा दोष निष्कर्षाच्या विरुद्ध दिशेने ढकलतो. तरीही फरक दिसला, म्हणजे निष्कर्ष आणखी पक्का.

ही सवय लावून घ्या. दोष सापडला की थांबू नका. तो दोष निकालाला कोणत्या बाजूला ढकलतो ते विचारा. अर्ध्याहून अधिक आक्षेप या एका प्रश्नात गळून पडतात.

दुसरं कौतुक एमआरआयचं. टेपने पोटरीचा घेर मोजला असता तर कातडी, चरबी, पाणी सगळं एकत्र मोजलं गेलं असतं आणि तीन स्नायू वेगळे करताच आले नसते. अल्ट्रासाउंडने एका जागेची जाडी कळते. एमआरआयने अख्ख्या स्नायूचं आकारमान कळतं. आपला प्रश्न "कोणता स्नायू वाढला" असा असेल तर हेच साधन योग्य.

आता कागद-पेन्सिल घ्या

वरचे आकडे परत बघा. उभ्या पायात गॅस्ट्रोक्निमियसची डोकी १२.४ आणि ९.२ टक्के वाढली, पण तिघांची एकत्रित वाढ फक्त ५.६. का? कारण सोलियस २.१ वर अडकलाय आणि तो सरासरीला खाली ओढतोय. किती जोरात ओढतोय यावरून तो केवढा मोठा आहे याचा अंदाज येतो.

करून बघू. मीडियल डोकं लॅटरलच्या साधारण दुप्पट धरू. मग उभ्या पायात गॅस्ट्रोक्निमियसची एकत्रित वाढ १०.३ टक्क्यांच्या आसपास येते, बसलेल्या पायात १ टक्क्याच्या आसपास. आता सोलियसचा वाटा किती धरला तर एकूण ५.६ येईल? उत्तर येतं साधारण ५७ टक्के. हाच हिशेब बसलेल्या पायासाठी करा: २.९ आणि १ यांच्या मिश्रणातून २.१ यायला सोलियसचा वाटा ५८ टक्क्यांच्या आसपास लागतो.

दोन वेगळे पाय, दोन वेगळे निकाल, उत्तर जवळजवळ एकच. म्हणजे आकडे आपसात जुळतात. टक्क्यांच्या सरासऱ्यांवर केलेला हा ढोबळ हिशेब आहे, पण एखाद्या पेपरमधले आकडे एकमेकांशी बोलतात की नाही हे तपासायला एवढा पुरतो. आणि सोलियस हा पोटरीचा निम्म्याहून मोठा भाग असतो, हे शरीररचनाशास्त्रही सांगतंच.

आता याच हिशेबाने वाढीची वाटणी करा. उभ्या पायातल्या ५.६ पैकी सुमारे ४.४ गॅस्ट्रोक्निमियसकडून आले, १.२ सोलियसकडून. बसलेल्या पायातल्या २.१ पैकी सुमारे १.७ सोलियसकडून आले आणि ०.४ गॅस्ट्रोक्निमियसकडून. म्हणजे उभ्याने केलं तेव्हा वाढीचे चार पंचमांश वरच्या स्नायूतून आले. बसून केलं तेव्हा चार पंचमांश खालच्यातून.

"बसून करणं म्हणजे वेळ वाया" हे वाक्य इथेच लंगडं पडतं. बसून केलेल्या व्यायामाने सोलियसला उभ्याइतकंच दिलं. त्याने फक्त गॅस्ट्रोक्निमियसला काही दिलं नाही. आणि दुसऱ्या बाजूने, "सोलियससाठी बसूनच करावं लागतं" हा जिममधला जुना सल्लाही लंगडा पडतो, कारण उभ्याने केलं तरी सोलियसला तेवढंच मिळालं. एकच व्यायाम करायचा असेल तर उभ्याने करा, एवढं मात्र या पेपरवरून निर्धास्त म्हणता येतं.

माझ्या तीन शंका

पहिली शंका पी-मूल्याच्या वाचनाबद्दल. सोलियससाठी ०.४१० आलं. याचा अर्थ "दोन्ही प्रकार सोलियससाठी सारखेच आहेत हे सिद्ध झालं" असा होत नाही. अर्थ एवढाच की खरंच काही फरक नसता तरी एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता ४१ टक्के होती. १४ माणसांत ०.८ टक्क्याचा फरक पकडायचा म्हणजे बोहारणीच्या काट्यावर सोनं तोलायचं. "फरक दिसला नाही" आणि "फरक नाही" यांत कोर्टातल्या "पुराव्याअभावी सुटला" आणि "निर्दोष" यांच्याइतकं अंतर आहे. वरच्या परिच्छेदात मी "उभ्याइतकंच दिलं" असं लिहिलं ते सरासरीबद्दल होतं. सिनॉप्सिसमध्ये तुम्हाला त्यापुढे "या अभ्यासात फरक आढळला नाही" हे जोडावं लागेल.

दुसरी शंका कारणाबद्दल. हा पेपर "स्नायू ताणलेल्या लांबीवर काम करतो तेव्हा जास्त वाढतो" या कल्पनेचा पुरावा म्हणून सर्रास दिला जातो. पण नीट बघा, इथे दोन गोष्टी एकत्र बदलल्या आहेत. उभ्याने केलं तेव्हा गॅस्ट्रोक्निमियस लांब होता हे खरं. पण बसून केलं तेव्हा तो फक्त आखूड नव्हता, तो जवळजवळ कामावरच नव्हता. सैल दोरी आठवा. मग ९ ते १२ टक्क्यांची वाढ ताणामुळे मिळाली, की बसलेल्या पायातला स्नायू रजेवर असल्यामुळे तुलना एकतर्फी झाली? हा पेपर दोन्ही स्पष्टीकरणांना सारखाच पाठिंबा देतो. एका निकालावर दोन गृहीतकं बसत असतील तर तो निकाल त्यांपैकी कुठल्याही एकाचा पुरावा नाही. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

तिसरी शंका श्रमाबद्दल. दोन्ही पायांना कमाल वजनाच्या ७० टक्के आणि १० रेप्स दिले, म्हणजे कागदावर श्रम समान. पण ७० टक्क्यांवर माणूस जास्तीत जास्त किती रेप्स काढू शकतो हे स्नायूप्रमाणे आणि स्थितीप्रमाणे बदलतं. दहाव्या रेपला एकाचा जीव मेटाकुटीला आलेला असू शकतो आणि दुसरा अजून आठ काढू शकेल. मंद तंतूंनी भरलेल्या, न थकणाऱ्या सोलियससाठी १० वर थांबणं म्हणजे चहा उकळायच्या आधीच गॅस बंद करणं तर नव्हे? टक्केवारी समान ठेवली म्हणून थकवा समान राहतो असं नाही.

शेजारचे पेपर काय म्हणतात?

पेपर एकटा वाचायचा नसतो. या पेपरला तीन शेजारी आहेत.

पहिला शेजारी घरातलाच. सुमियाकी माएओ यांच्या गटाने (किनोशितांच्या पेपरमध्येही ते सहलेखक आहेत) दंडाच्या मागच्या ट्रायसेप्सवर असाच प्रयोग केला होता. २१ प्रौढ, एक हात डोक्यावर नेऊन, दुसरा शरीरालगत ठेवून. तेच ७० टक्के, तेच १० चे ५ सेट, आठवड्यातून २ दिवस, १२ आठवडे, तोच एमआरआय. अख्ख्या ट्रायसेप्सची वाढ: हात वर असताना १९.९ टक्के, शरीरालगत १३.९ टक्के.

इथे दोन गोष्टी डोळ्यात भरतात. ट्रायसेप्सचं लांब डोकं खांदा ओलांडतं, म्हणून हात वर नेला की ते ताणलं जातं, ते २८.५ विरुद्ध १९.६ टक्के वाढलं, हे अपेक्षित. पण खांदा न ओलांडणारी बाकीची दोन डोकीही हात वर असताना जास्त वाढली, १४.६ विरुद्ध १०.५. त्यांची लांबी तर बदललीच नव्हती! म्हणजे दंडात एकच सांधा ओलांडणाऱ्या भागालाही फायदा झाला, पोटरीत तशाच सोलियसला झाला नाही. "ताणलेला स्नायू जास्त वाढतो" ही एका ओळीची घोषणा दोन्ही निकालांना पुरत नाही. इथे एखाद्याचा पीएचडीचा विषय लपलेला आहे, बघा कुणाला हवा असेल तर.

दुसरा शेजारी ब्राझीलचा. कासियानो आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्येच ४२ तरुण स्त्रियांवर काम केलं. तिघी गटांचा गुडघा सरळच. बदलला तो फक्त घोट्याचा टप्पा. एका गटाने पूर्ण टप्पा केला, एकाने फक्त खालचा, जिथे पोटरी ताणलेली असते, आणि एकाने फक्त वरचा, जिथे ती आखडलेली असते. ८ आठवड्यांत मीडियल डोक्याची जाडी खालच्या टप्प्यात १५.२, पूर्ण टप्प्यात ६.७ आणि वरच्या टप्प्यात ३.४ टक्के वाढली. लॅटरलमध्येही खालचा टप्पाच पुढे होता.

माझ्या दुसऱ्या शंकेला हा पेपर बरंच उत्तर देतो. गुडघा सरळच असल्यामुळे "स्नायू रजेवर होता" ही पळवाट इथे बरीचशी बंद होते, आणि तरीही ताणलेला टप्पा जिंकतो. पण तो नवीन कोडंही घालतो. पूर्ण टप्प्यात खालचा टप्पा येतोच की! मग पूर्ण टप्पा करणाऱ्यांना निम्म्याहून कमी का मिळालं? कदाचित प्रत्येक रेपमधला ताणलेल्या अवस्थेतला वेळ महत्त्वाचा असेल. शिवाय मोजमाप अल्ट्रासाउंडने केलेल्या जाडीचं आहे, आकारमानाचं नाही. त्यामुळे हे १५.२ आणि किनोशितांचे ९.२ शेजारी ठेवून "हा व्यायाम त्यापेक्षा भारी" असं म्हणणं म्हणजे किलो आणि लिटर यांची वजाबाकी करणं. आणि या पेपरच्या शीर्षकातच गॅस्ट्रोक्निमियस आहे. सोलियस पुन्हा चित्राबाहेर.

तिसरा शेजारी ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांचा, २०२० चा. सराव नसलेले २६ पुरुष, ८ आठवडे. एका पायाला जड वजन, ६ ते १० रेप्समध्ये थकवणारं. दुसऱ्याला हलकं, २० ते ३० मध्ये थकवणारं. जिममधला सिद्धांत असा की सोलियस मंद तंतूंचा, म्हणून त्याला हलकं वजन आणि जास्त रेप्स. ऐकायला शास्त्रीय वाटतं. निकाल? दोन्ही पायांत पोटरीची वाढ सारखीच. तंतूंच्या प्रकारावरून थेट व्यायामाचं वेळापत्रक काढता येत नाही. यंत्रणा पटण्यासारखी आहे म्हणून निष्कर्ष खरा ठरत नाही. तो मोजावा लागतो.

या शेजाऱ्यात एक गोष्ट महत्त्वाची आहे: इथे दोन्ही पाय थकेपर्यंत राबवले होते. माझी तिसरी शंका अधिक गंभीरपणे घ्यावी ती यामुळेच.

दुर्लक्षित आकडा

आता सुरुवातीला म्हटलेल्या आकड्याकडे येऊ. तो १२.४ नाही. तो २.१ आणि २.९ आहे.

त्याच धाटणीचं वेळापत्रक, तेवढेच आठवडे, तेच साधन. दंडामागचा ट्रायसेप्स १४ ते २० टक्के वाढतो आणि पोटरी २ ते ६. आणि पोटरीतला निम्म्याहून मोठा स्नायू, कसाही व्यायाम केला तरी, २ ते ३ टक्क्यांवर बसून राहतो. एवढा बदल मोजमापाच्या नेहमीच्या चुकीपेक्षा किती वर आहे, हा त्यावरचा पहिला प्रश्न असायला हवा.

असं का होत असावं? एक हिशेब करू. १२ आठवडे, दर आठवड्याला २ दिवस, दर दिवशी ५० रेप्स: एका पायाचे एकूण १,२०० रेप्स. आता रोज ६,००० पावलं चालणारा माणूस घ्या. एका पायाच्या वाट्याला ३,००० पावलं, आणि प्रत्येक पावलात टाच उचलली जाते. म्हणजे तीन महिन्यांचे रेप्स संख्येने अर्ध्या दिवसाच्या चालण्यापेक्षाही कमी! वजन अर्थातच वेगळं आहे, तुलना फक्त संख्येची. पण जो स्नायू उभं राहताना, चालताना, जिना चढताना दिवसभर राबतो, त्याला आठवड्यातून दोनदा ५० वेळा काही सांगितलं तर तो ऐकेलच असं गृहीत धरता येत नाही. ट्रायसेप्सला रोजच्या जगण्यात एवढं काम नसतं; त्याला ५० रेप्स ही बातमी असते.

जिमपुरता विषय असता तर मी इथेच थांबले असते. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे स्नायू झपाट्याने झडतात, आणि त्यात पोटरीचा नंबर वरचा. अंतराळवीरांचंही तेच. म्हातारपणी तोल सांभाळायला, जिना चढायला पोटरी लागते. पायातलं रक्त वर ढकलायलाही तिचाच पंप असतो. या सगळ्यांत सोलियसचा वाटा मोठा आहे. उद्या एखादा फिजिओथेरपीचा विद्यार्थी हा पेपर वाचून आजोबांसाठी व्यायाम ठरवेल. "उभ्याने केलं की पोटरी वाढते" एवढंच त्याने वाचलं तर आजोबांचा सगळ्यात मोठा स्नायू जिथे होता तिथेच राहील, आणि अहवालात मात्र "पोटरीत वाढ" असं येईल. एकूण ५.६ हा आकडा बरोबर असूनही दिशाभूल करू शकतो, तो असा.

हा दोष किनोशितांचा नाही. त्यांनी तिन्ही स्नायू वेगळे मोजले, चारही ओळी ॲबस्ट्रॅक्टमध्ये दिल्या. दोष आपल्या वाचण्याचा आहे. ठळक फरकाची ओळ आपण उचलतो. जिथे फरक नाही ती ओळ डोळ्यांखालून निसटते.

मग सिनॉप्सिसमध्ये लिहायचं कसं?

समजा तुमच्या साहित्य आढाव्यात हा पेपर येणार आहे. तीन वाक्यं बघा.

एक: "बसून केलेले काफ रेज निरुपयोगी असल्याचे सिद्ध झाले आहे." हे लिहून आरआरसीसमोर गेलात तर पहिल्याच प्रश्नाला घाम फुटेल.

दोन: "स्नायू ताणलेल्या स्थितीत असताना व्यायाम केल्यास जास्त वाढतो (किनोशिता, २०२३)." ऐकायला बरं, पण पेपर कारण सांगत नाही आणि तुम्ही ते त्याच्या तोंडी घातलंत.

तीन: "सराव नसलेल्या १४ प्रौढांमध्ये १२ आठवड्यांनंतर, गुडघा सरळ ठेवून केलेल्या व्यायामाने गॅस्ट्रोक्निमियसची वाढ गुडघा वाकवून केलेल्या व्यायामापेक्षा बरीच जास्त झाली, सोलियसची वाढ दोन्हीत अल्प होती व त्यांत फरक आढळला नाही." लांब आहे, रुक्ष आहे, रील बनणार नाही. पण कुणीही कुठूनही टोकलं तरी हे वाक्य उभं राहतं. आणि शेवटच्या अर्ध्या ओळीतून तुमचा संशोधन-प्रश्न आपोआप पुढे येतो: सोलियसला वाढायला नेमकं काय लागतं?

गृहपाठ देते. वरच्या तीन शंकांपैकी एक निवडा आणि ती मिटवणारा प्रयोग एका पानात लिहा. किती माणसं, कोणती स्थिती, थकेपर्यंत की ठरावीक रेप्स, मोजमाप कशाने. आणि शेवटी एक ओळ: कोणता निकाल आला तर तुमचं म्हणणं चुकीचं ठरेल? ही ओळ लिहिता आली नाही, तर प्रयोग अजून तयार झालेला नाही असं समजा.